दिल्लीच्या अधिवेशनाला निघताय? इंदूरकरांनो, या चुका टाळा

इंदूरहून उत्तरेकडे अधिवेशनाला किंवा संमेलनाला जायचे ठरले, की मंडळाच्या बैठकीत पहिला प्रश्न येतो, "मालवा एक्सप्रेसचं बुकिंग उघडलं का हो?" उद्घाटन किती वाजता, मांडव कुठल्या भागात, उतरायची सोय कुठे, या चौकश्या तिकिटे निघाल्यावर. गेली काही वर्षे तिकिटांचे काम माझ्या गळ्यात आहे, त्यामुळे खालच्या बहुतेक चुका माझ्या हातूनच झालेल्या आहेत.

पहाटेची गाडी, दुपारची खोली

मालवा एक्सप्रेस दुपारी निघते आणि उज्जैन, भोपाळ, ग्वाल्हेर, आग्रा करत दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे नवी दिल्लीला पोचते. कोटा शहरावरून जाणारी इंटरसिटीही सकाळी लवकरच सोडते. हॉटेलची खोली मात्र मिळते दुपारी बाराला. मधले सहा-सात तास वीस माणसांनी, त्यातही निम्म्या साठीपुढच्या मंडळींनी, काढायचे कुठे? यजमानांकडून एखादा हॉल पहाटेपासून मागून घ्या, नाहीतर दोन खोल्या आदल्या रात्रीपासूनच घ्या. भाडे थोडे जास्त पडते, पण सगळ्यांच्या अंघोळी आळीपाळीने उरकतात.

डिसेंबर-जानेवारी असेल तर आणखी एक दिवस हाताशी ठेवा. धुक्यात गाडी तीन-चार तास रखडली तर त्यात नवल काही नाही. सकाळी दहाचे उद्घाटन आणि त्याच पहाटे पोचणारी गाडी हा जुगार आहे.

सहा जण, एक तिकीट

ही चूक सगळ्यात जास्त होते आणि ती चूक आहे हे कुणाला पटत नाही. एका तिकिटावर सहा जण बसतात, म्हणून आपण सहा-सहांचे गट करतो. सगळे एकत्र राहतील, हिशेब सोपा. मीही तेच केले आणि सत्तरी ओलांडलेल्या एका काकूंना मधला बर्थ आला. रात्रभर त्या खालीच कुणाच्या तरी पायथ्याशी बसून होत्या. सकाळी मला काही बोलल्या नाहीत, तेच जास्त लागले.

ज्येष्ठांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. पुरुषांना साठीपासून, स्त्रियांना पंचेचाळीसपासून तो लागू होतो. पण तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले आणि दोघेही त्या वयात बसत असले तरच. मदतीला म्हणून तरुण भाच्याचे नाव सोबत घातले, की कोटा गेला. तेव्हा काका-काकूंचे तिकीट वेगळे काढा, भाच्याचे वेगळे. भाड्यातली सवलत मात्र मार्च २०२० पासून बंद आहे, ती गृहीत धरून वर्गणी ठरवू नका.

बुकिंग आता १२० नव्हे, ६० दिवस आधी उघडते. १ नोव्हेंबर २०२४ पासून हा बदल झाला. तत्काळ आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी दहाला, स्लीपरसाठी अकराला उघडते आणि त्यात एका तिकिटावर चारच जण. ऑनलाइन तत्काळला आता आधार-पडताळणी लागते. ती आदल्या रात्रीच करून ठेवा, दहाला दोन मिनिटे असताना ओटीपीची वाट बघत बसू नका.

"दिल्ली" म्हणजे नेमकी कुठली?

नवी दिल्ली, जुनी दिल्ली, निजामुद्दीन, आनंद विहार, सराय रोहिल्ला ही सगळी वेगवेगळी स्टेशने आहेत. एकदा आमचे निम्मे लोक निजामुद्दीनला उतरले आणि बस उभी नवी दिल्लीला. नवी दिल्लीलाही पहाडगंज आणि अजमेरी गेट अशा दोन बाजू आहेत. मेट्रो अजमेरी गेटकडे मिळते. निरोपात स्टेशनाबरोबर बाजूही लिहा.

घोळ इंदुरातच सुरू होऊ शकतो. ऋषिकेशची गाडी लक्ष्मीबाई नगरहून सुटते, मोठ्या स्टेशनावर तिची वाट पाहून उपयोग नाही. आणि महूचे स्टेशन शोधताना 'डॉ. आंबेडकर नगर' असे नाव दिसेल.

पुढे पंजाबात जायचे असेल तर

२०१५ चे साहित्य संमेलन घुमानला झाले, गुरदासपूर जिल्ह्यात. अशा वेळी "मालवा पंजाबात जातेच की" हे अर्धेच खरे असते. ती लुधियाना, जालंधरवरून जम्मूकडे वळते, अमृतसरला जात नाही. दिल्लीत गाडी बदलायची तर अमृतसरची शताब्दी नवी दिल्लीहून सकाळी सुटते आणि वंदे भारत जुन्या दिल्लीहून. दोन तासांच्या अंतराने पुढची गाडी धरणार असाल, तर दोन्ही तिकिटे ऑनलाइन एकमेकांना जोडून घ्या. ही सोय एप्रिल २०१९ पासून आहे. पहिली गाडी उशिरा आल्याने दुसरी चुकली, तर नियमाप्रमाणे न झालेल्या प्रवासाचे पैसे परत मिळतात, मात्र अर्ज ताबडतोब करावा लागतो.

भोपाळहून दिल्लीची वंदे भारत धरू, असेही कुणीतरी सुचवतेच. ती भोपाळच्या राणी कमलापती स्टेशनाहून पहाटे सहाच्या आत सुटते, म्हणजे आदल्या रात्री भोपाळला मुक्काम. वेळ वाचतो तो कागदावर.

विमान दीड तासात नेते. थंडीत सकाळचे घेऊ नका, दुपारचे घ्या. परतताना टर्मिनल तिकिटावर पाहून घ्या, कारण एक नंबर आणि तीन नंबर एकमेकांपासून काही किलोमीटरवर आहेत. बसची शिफारस मी करत नाही, आठशेच्या वर किलोमीटर आहेत आणि कंबर आपली आहे.

परतीचे तिकीट

२०२५ चे संमेलन दिल्लीत तालकटोऱ्याला झाले. १७३७ साली बाजीरावांच्या फौजेचा तळ तिथेच पडला होता, आपले मल्हाररावही त्यात होते. त्यांना परतीच्या वेटिंगची काळजी नव्हती. तुम्हाला आहे. समारोप सहाला लिहिलेला असेल तर आठ धरा आणि त्याच रात्रीची गाडी घेऊ नका. थंडीत जम्मूपलीकडच्या कटऱ्याहून येणारी मालवा दिल्लीला येईपर्यंतच उशीर गोळा करत आलेली असते. त्यापेक्षा दिल्लीतूनच सुटणारी इंटरसिटी बरी. फक्त तिचेच डबे सकाळी इंदूरहून आलेले असू शकतात, तेव्हा सकाळची गाडी किती वाजता लागली ते पाहूनच सामान बांधायला घ्या.