ऱ्होड आयलंडचा आरंभीचा इतिहास कसा वाचावा? जमिनीच्या कागदापासून

बाबा तलाठी होते. निवृत्तीनंतर ते आमच्याकडे अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्सला राहायला आले, तेव्हा मी त्यांना मोठ्या उत्साहाने प्रॉस्पेक्ट टेरेसवर नेलं. वर रॉजर विल्यम्सचा पुतळा, खाली पसरलेलं शहर. मी सांगत होते की मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कर्मठ इंग्रज ख्रिस्ती वसाहतकऱ्यांनी, १६३५ च्या ऑक्टोबरात याला हद्दपारीची शिक्षा दिली, भर हिवाळ्यात हा जंगलातून निघाला आणि १६३६ मध्ये इथे त्यानं धर्मस्वातंत्र्याची वसाहत उभी केली. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "जमीन कोणाची होती? आणि कागद कुठाय?"

त्या प्रश्नानंतर मी हा इतिहास पहिल्यापासून पुन्हा वाचला. आता कोणी आलं की मी बाबांच्या क्रमानंच दाखवते. तुम्हीही तसंच करून पाहा.

सुरुवात दस्तापासून करा, पुतळा नंतर. दस्त छोटा आहे, त्याचा मजकूर छापील स्वरूपात सहज मिळतो. इथल्या मूळ रहिवासी नॅरागॅन्सेट जमातीचे दोन प्रमुख, कनॉनिकस आणि त्याचा पुतण्या मियांटोनोमी, यांनी तो विल्यम्सला करून दिला. सहीच्या जागी कनॉनिकसचं धनुष्य आहे आणि मियांटोनोमीचा बाण. तारखेपाशी थांबा, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. दस्तात "पहिल्या महिन्याचा, म्हणजे मार्चचा, २४ वा दिवस, वसाहतीचं दुसरं वर्ष" असं लिहिलंय. त्या काळी इंग्रजांचं नवं वर्ष २५ मार्चला लागायचं, म्हणून हा दस्त कुठे १६३७ चा तर कुठे १६३८ चा दिसतो. आजच्या हिशोबानं १६३८ धरा. जुन्या कागदांत जानेवारी ते मार्चमधली कुठलीही तारीख आली की आधी हे तपासायचं.

मग चतुःसीमा वाचा. पॉटकेटची नदी आणि शेतं, वायव्येला नोटक्वॉन्कानेटची मोठी टेकडी, पश्चिमेला मॅशापॉगचं गाव. या खुणा आजही आहेत. टेकडी शहराच्या पश्चिम बाजूला न्यूटाकॉन्कनट या नावानं सार्वजनिक उद्यान म्हणून राखलेली आहे, मॅशापॉग नावाचं तळं शहरातच आहे. दस्ताची प्रत घेऊन आधी त्या टेकडीवर चढा. बाबा वर गेले, कागद उलगडला, हातानं दिशा धरल्या आणि पाचच मिनिटांत त्यांना जुनं प्रॉव्हिडन्स केवढं होतं ते कळलं. मला ते अकरा वर्षं इथे राहून कळलं नव्हतं.

आता सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे घाई करू नका. दस्ताखाली १६३९ ची एक पुरवणी नोंद आहे, तिसऱ्या महिन्याच्या ९ तारखेची, म्हणजे मेची. मियांटोनोमीनं आधीचा व्यवहार पुन्हा मान्य केला आणि पॉटकेट व पॉटक्सेट या नद्यांच्या वरच्या अंगाला "गुरांच्या वापरासाठी, मर्यादेशिवाय" जमीन वापरायला मुभा दिली, असं त्यात आहे. ही ओळ वाचून बाबा ताठ बसले. "ही चराई आहे," ते म्हणाले, "मालकी नव्हे." नेमका याच ओळीवर पुढे अनेक दशकं वाद चालला. विल्यम हॅरिस नावाच्या वसाहतकऱ्यानं "मर्यादेशिवाय" हा शब्द धरून नद्यांच्या उगमापर्यंत, वीस मैल पश्चिमेपर्यंत हक्क सांगितला. विल्यम्सनं त्याला जन्मभर विरोध केला. ज्यानं दस्त करून घेतला तोच सांगत होता की मूळ बोलणं गुरं चारण्यापुरतं होतं. ऱ्होड आयलंडचा कुठलाही जुना कागद हातात घेतलात की हाच प्रश्न विचारा: वहिवाट दिली की जमीन दिली?

दक्षिणेकडच्या अक्विडनेक बेटाचा व्यवहार पहिल्या दस्ताच्याच तारखेचा, २४ मार्चचा आहे. त्यात मोबदला लिहिलाय: पांढऱ्या मण्यांच्या ४० वाव (एक वाव म्हणजे पसरलेल्या दोन हातांएवढी लांबी) माळा, शिवाय तिथले रहिवासी उठून जावेत म्हणून १० कोट आणि २० कुदळी. म्हणजे तिथे माणसं राहत होती आणि त्यांना उठवलं गेलं, हे कागदच सांगतो. विल्यम्सनं मात्र पुढे लिहिलं की ते बेट पैशानं नव्हे, प्रेमानं मिळालं. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. मला वाटतं तो खोटं बोलत नव्हता. कनॉनिकस त्याला खरंच मुलासारखं मानायचा. पण कुदळी मिळालेल्यांचं म्हणणं कोणी लिहून ठेवलेलं नाही.

नावांचं एक ध्यानात ठेवा. आरंभीच्या कागदात 'ऱ्होड आयलंड' म्हणजे फक्त ते बेट, ज्यावर पोर्ट्समथ आणि न्यूपोर्ट वसली. प्रॉव्हिडन्स आणि वॉरिक मुख्य भूमीवर. राज्याच्या जुन्या नावात 'प्रॉव्हिडन्स प्लँटेशन्स' असंही होतं; त्यातलं 'प्लँटेशन्स' म्हणजे मळे नव्हेत, वसाहती. २०२० च्या मतदानात राज्याच्या अधिकृत नावातून तो शब्द काढला, कारण तो ऐकून लोकांना गुलामांचे मळे आठवतात. त्या वेदनेला आधारही आहे. १६५२ मध्ये प्रॉव्हिडन्स आणि वॉरिकनं माणसाला दहा वर्षांपेक्षा जास्त काळ दास्यात ठेवू नये असा कायदा केला, पण तो पाळला गेला नाही, आणि अठराव्या शतकात न्यूपोर्ट गुलामांच्या व्यापाराचं मोठं बंदर झालं. न्यूपोर्टला जाल तेव्हा श्रीमंतांचे बंगले पाहण्याआधी 'गॉड्स लिटल एकर' या आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या दफनभूमीत अर्धा तास काढा.

यानंतर नॉर्थ मेन स्ट्रीटवरच्या रॉजर विल्यम्स राष्ट्रीय स्मारकात या. जागा लहान आहे. जिथे गोड्या पाण्याचा झरा होता, तिथेच वस्ती सुरू झाली. इथे बसून वसाहतकऱ्यांचा करारनामा वाचा, चार ओळींचा आहे. बहुमताचे निर्णय पाळू, पण "फक्त दिवाणी बाबतींत". देवाधर्मात गावसभेनं हात घालायचा नाही, एवढाच त्याचा अर्थ. त्या काळात हे केवढं होतं ते मेरी डायरवरून समजेल. प्युरिटनांना न चालणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथात ती गेली आणि हद्दपारीचा हुकूम मोडून परत आली, म्हणून १६६० मध्ये बोस्टनला तिला फाशी दिली.

तिथून स्टेट हाउस, म्हणजे राज्याचं विधानभवन, चालत गाठता येतं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स यानं वसाहतीला दिलेली १६६३ ची सनद तिथे ठेवली आहे. वसाहतीचा प्रतिनिधी जॉन क्लार्क त्यासाठी दहा वर्षांहून जास्त काळ लंडनमध्ये खेटे घालत होता. ही सनद राज्यघटना म्हणून १८४३ पर्यंत चालली. ती पाहताना एक गोष्ट मनात असू द्या. विल्यम्सनं मॅसॅच्युसेट्समध्ये असताना लिहिलं होतं की दुसऱ्यांची जमीन वाटून द्यायचा राजाला हक्कच नाही. हद्दपारीचं तेही एक कारण. तोच विल्यम्स १६४३ मध्ये सनद मागायला लंडनला गेला, कारण शेजारच्या वसाहती त्याची गावं गिळायला टपल्या होत्या. बोस्टनमधून जायला बंदी, म्हणून न्यू ॲमस्टरडॅमहून डच जहाजानं. १६४४ मध्ये त्याला ती मिळाली. त्याला दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण त्या दिवसापासून या जमिनीचे दोन कागद झाले, आणि धनुष्यबाणाचा कागद मागे पडत गेला.

शेवटचा दिवस दक्षिणेसाठी राखून ठेवा. गाडी लागेल. वसाहती आणि मूळ रहिवासी यांच्यातल्या युद्धात, साउथ किंग्सटाउनच्या ग्रेट स्वॉम्प या दलदलीत १९ डिसेंबर १६७५ रोजी मॅसॅच्युसेट्स, प्लिमथ आणि कनेटिकटच्या फौजांनी नॅरागॅन्सेटांच्या तटबंदीच्या हिवाळी वस्तीवर हल्ला करून ती पेटवली. शेकडो माणसं गेली, त्यांत बायका, मुलं, म्हातारी फार. त्याच युद्धात मार्च १६७६ मध्ये प्रॉव्हिडन्स जळालं, विल्यम्सचं घरही. त्याच उन्हाळ्यात पकडलेल्या मूळ रहिवाशांना दास्यात विकण्याची व्यवस्था करणाऱ्या गावसमितीत सत्तरी ओलांडलेला विल्यम्स होता. हे मी पाहुण्यांना गाळून सांगत नाही. दलदलीत स्मारकाचा दगडी स्तंभ आहे. ओल असते, बूट तसेच घाला. टोमाक्वॉग म्युझियम मूळ रहिवासी स्वतः चालवतात, वेळ आधी पाहून तिथेही जा आणि त्यांच्या तोंडून ऐका.

बाबांनी परत येताना वहीत फेरफाराच्या नोंदीसारखं लिहून घेतलं: १८८० मध्ये राज्यानं नॅरागॅन्सेट जमात संपल्याचं ठरवून उरलेली जमीन ५,००० डॉलरला घेतली. १९७८ मध्ये तडजोडीनं सुमारे १,८०० एकर परत. १९८३ मध्ये केंद्र सरकारची मान्यता. मग त्याखाली त्यांनी एक धनुष्य आणि एक बाण काढला.