रणातलं मीठ इंजिनातून काढलं, माझा अनुभव

कच्छच्या पांढऱ्या रणातून गाडी बडोद्याला आणली आणि बॉनेट उघडलं तर सगळीकडे पांढरट चिकट धूळ, पार रेडिएटरच्या जाळीपर्यंत. नुसती धूळ असती तर फडकं मारून सोडलं असतं, पण मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि आपल्याकडे पावसाळ्यात तर विचारूच नका, ॲल्युमिनियम आणि वायरिंगचे कनेक्टर हळूहळू खातं.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी बांधलं. आधी कोरड्या ब्रशने रेती झाडली, मग शॅम्पूचं पाणी आणि साध्या पाइपची हलकी धार. दांडिया बाजारातले काका म्हणाले प्रेशर वॉशर मार की, लगेच होईल, पण त्या जोराने पाणी कनेक्टरच्या सीलमधून आत शिरतं म्हणून नाहीच मारला. रेडिएटरला तर अजून जपून, पट्ट्या लगेच वाकतात, धार इंजिनच्या बाजूने बाहेर सोडायची. बॅटरी टर्मिनलवरचा थर खायच्या सोड्याच्या पाण्याने गेला, वर व्हॅसलीन. मग ब्लोअर आणि ऊन. गाडीची खालची बाजू मात्र लिफ्टवर चढवूनच धुवून घेतली, मीठ तिथे जास्त बसतं.