पेपर पूर्ण व्हावा यासाठी लेखनगट: नाशिकमधल्या नव्या प्राध्यापकांसाठी

नव्या सहायक प्राध्यापकाचा पेपर, म्हणजे शोधनिबंध, विषय कळत नाही म्हणून सहसा अडत नाही. लिहायला बसणंच होत नाही, म्हणून अडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) नियमांप्रमाणे आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष अध्यापन. त्यावर सुपरव्हिजन, उत्तरपत्रिका तपासणी, प्रवेश समिती, नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) फायली. मग 'दिवाळीच्या सुट्टीत एकदम बसून संपवू' असं ठरतं, आणि दिवाळीनंतर फाइल उघडली की आपणच लिहिलेलं परकं वाटतं. लेखनगट नेमकं हे थांबवतो. चार ते सहा जणांनी दर आठवड्याला ठरल्या वेळी एकत्र बसून आपापलं लिहायचं आणि ठरावीक दिवशी एकमेकांचं वाचायचं. गटाचा कुठलाही नियम ठेवायचा की नाही, हे एकाच गोष्टीवरून ठरवा: त्यामुळे कागदावर ओळी येतात का?

तीन जणांचा गट टिकत नाही. एक रजेवर गेला की दोघं उरतात आणि दोघांच्या गप्पा सुरू होतात. सहाच्या वर गेलात तर वाचनाची पाळी येईपर्यंत मजकूर शिळा होतो. विषय एकच असण्याची गरज नाही. अर्थशास्त्र, वनस्पतिशास्त्र, मराठी, वाणिज्य असा मिश्र गट उलट बरा, कारण परक्या विषयाचा वाचक 'हे कळलं नाही' असं मोकळेपणानं म्हणतो. आपल्याच विषयातला माणूस ती गाळलेली पायरी मनातल्या मनात भरून घेतो. मात्र ज्यांची सही तुमच्या कॅसच्या (पदोन्नतीच्या) फॉर्मवर लागते, त्या विभागप्रमुखांना किंवा प्राचार्यांना गटात घेऊ नका. माणूस कितीही चांगला असो, त्यांच्यासमोर कच्चा मसुदा ठेवायला हात धजावत नाही.

एकाच कॉलेजचा गट जमवणं सोपं, पण कॉलेजच्या कामाच्या गप्पाही तिथेच निघतात. म्हणून शक्य असेल तर कॉलेज रोड, गंगापूर रोड, नाशिकरोड अशा दोन-तीन ठिकाणचे लोक घ्या. सिन्नर, निफाड, पिंपळगाव बसवंतहून येणाऱ्यांना दर आठवड्याची फेरी झेपत नाही. त्यांच्यासाठी एक आड एक बैठक ऑनलाइन ठेवा. सुरगाणा-कळवणकडच्यांसाठी सगळ्याच बैठका ऑनलाइन ठेवल्या तरी चालतं. कॅमेरा चालू, माइक बंद. २०२७च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, त्या सत्रात सर्वांनीच ऑनलाइन बसायचं आधीच ठरवून टाका.

गट बारा आठवड्यांचा करा. जुलैच्या मध्याला सुरू केला तर सत्र परीक्षेच्या धांदलीआधी संपतो. 'कायमचा गट' म्हटलं की तिसऱ्या आठवड्यापासून गळती लागते. शेवटची तारीख माहीत असली की माणसं तग धरतात.

बैठक दोन तासांची. पहिल्या दहा मिनिटांत प्रत्येकानं आजचं काम एका वाक्यात सांगायचं. मग ४५ मिनिटं लेखन, दहा मिनिटं चहा, पुन्हा ४५ मिनिटं लेखन आणि शेवटी दहा मिनिटं हिशेब. 'आज चर्चेचा भाग बघतो' हे काम नव्हे. 'तक्ता २ खालचे दोन परिच्छेद, साधारण ३०० शब्द' हे काम. लिहिताना संदर्भ सापडला नाही तर शोधायला उठू नका. तिथे पिवळ्या रंगात 'संदर्भ पाहणे' असं लिहा आणि पुढे चला. एका संदर्भासाठी ब्राउझर उघडला की ४५ मिनिटं त्यातच जातात. एका वहीत तारीख, ठरवलेलं, झालेलं आणि काय आडवं आलं एवढे चार रकाने भरत जा. महिन्यानं वही चाळली की अडचण कुठे आहे ते दिसतं. कोणाच्या नावापुढे चार आठवडे 'डेटा साफ करतोय' असेल, तर त्यांना लेखनाआधी संख्याशास्त्राच्या माणसाची गरज आहे.

लेख लिहायला घेण्याआधी जर्नल ठरवा. नवे लोक इथेच उलटं करतात: लेख आधी, जर्नल नंतर, मग शब्दमर्यादा, संदर्भशैली, मांडणी सगळं बदलत बसतात. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येकानं एक मुख्य आणि दोन पर्यायी जर्नलं निवडायची आणि मुख्य जर्नलचे गेल्या दोन वर्षांतले तीन लेख वाचायचे. हे वाचन आशयासाठी नाही. प्रस्तावना किती परिच्छेदांची आहे, प्रश्न कितव्या परिच्छेदात येतो, पद्धती किती सविस्तर आहे, संदर्भ साधारण किती आहेत, हे मोजायचं.

जर्नल खरं आहे का, हे पाहण्याची जबाबदारी आता पूर्वीपेक्षा जास्त आपल्यावर आहे. यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलांची केअर यादी बंद केली आणि जर्नल निवडीसाठी सूचक निकष दिले. त्यामुळे 'यादीत आहे' हे उत्तर आता पुरत नाही. आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, आयएसएसएन पोर्टलवर तपासा. स्कोपस या जर्नलांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत आहे असं जर्नल सांगत असेल, तर स्कोपसच्या स्वतःच्या स्रोत-यादीत नाव आणि समावेशाची वर्षं पाहा; काही नावं मध्येच वगळलेली असतात. संपादक मंडळातल्या दोघांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन ते त्या जर्नलचा उल्लेख करतात का ते बघा. जुन्या, प्रतिष्ठित जर्नलच्या नावानं बनावट संकेतस्थळं काढलेली असतात, त्यामुळे नाव ओळखीचं आहे एवढ्यावर पैसे भरू नका. 'तीन दिवसांत स्वीकृती' असा मेल आला की समजा, कोणी वाचलेलंच नाही. तपासणीच्या दिवशीचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा, कॅसच्या वेळी उपयोगी पडतात.

आता वाचनाची बैठक, कारण गट जमतो किंवा मोडतो तो इथे. ही दर दोन आठवड्यांनी एकदा, एका बैठकीत दोन मजकूर, प्रत्येकी अर्धा तास. म्हणजे सहा जणांच्या गटात बारा आठवड्यांत प्रत्येकाला दोन पाळ्या मिळतात. मजकूर ४८ तास आधी पाठवायचा, १५०० शब्दांपेक्षा जास्त नाही. अख्खा पेपर पाठवला की कोणी वाचत नाही आणि 'छान झालाय' असं सांगून वेळ मारून नेतात. मजकुराच्या वर लेखकानं तीन प्रश्न लिहायचे आणि कशावर मत हवं, कशावर नको तेही. बैठकीत आधी प्रत्येक वाचक एका वाक्यात सांगतो, 'या मजकुराचं म्हणणं मला असं समजलं.' मग कुठे अडलो ते. वाचक बोलत असताना लेखकानं बोलायचं नाही, लिहून घ्यायचं. बोलायची मुभा असली की लेखक तोंडी खुलासा करतो आणि तो खुलासा कागदावर येतच नाही. चार वाचकांनी चार वेगळी म्हणणी सांगितली, तर दोष वाचकांचा नाही, मजकुरात अजून एक ठाम म्हणणं नाही.

एक नमुना घेऊ. समजा, लेख कांदा साठवणुकीवर आहे आणि तो असा सुरू होतो: 'भारत हा कृषिप्रधान देश आहे. महाराष्ट्रात कांद्याचे उत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. नाशिक जिल्हा कांद्यासाठी प्रसिद्ध आहे.' तिन्ही वाक्यं खरी आहेत, पण संपादकाला ती आधीच माहीत आहेत. गटात विचारायचा प्रश्न एकच: तुम्हाला नेमकं काय शोधायचं होतं? लेखक मराठीत बोलून सांगतो, फोनवर रेकॉर्ड करा आणि तेच उतरवा: 'उन्हाळ कांदा चाळीतून कधी काढायचा, हे लासलगाव परिसरातला अल्पभूधारक शेतकरी बाजारभाव पाहून ठरवतो, की घरातली रोख रकमेची गरज पाहून? भावावरच्या अभ्यासांत या गरजेचा विचार कमी दिसतो. हा लेख तो मुलाखतींच्या आधारे करतो.' परिसर, माणूस, प्रश्न, उणीव, पद्धत सगळं तीन वाक्यांत आलं. इंग्रजी पेपर असला तरी आधी असं मराठीत बोलून घ्या. विचार सुटा होतो. मग इंग्रजी वाक्यं मात्र स्वतः रचा. पूर्ण मराठी मसुदा यंत्रात घालून भाषांतर केलं तर 'चाळ' या शब्दाची मुंबईतली चाळ होते, आणि असे घोटाळे परीक्षकाला लगेच दिसतात.

वाचकांनी व्याकरण दुरुस्त करत बसू नये. पुढच्या खेपेला उडणाऱ्या परिच्छेदातल्या स्वल्पविरामांवर वेळ घालवण्यात अर्थ नाही. भाषा शेवटच्या दोन आठवड्यांत.

नावांचा प्रश्न पहिल्याच बैठकीत मिटवा. यूजीसीच्या २०१८च्या नियमांनुसार दोन लेखक असतील तर प्रत्येकाला पेपरच्या गुणांपैकी ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर प्रथम, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला ७० टक्के आणि बाकी प्रत्येकाला ३०. या गणितामुळे 'माझंही नाव टाक' अशी मागणी येते. गटात नुसता अभिप्राय देणारा सहलेखक होत नाही. त्याचं नाव ऋणनिर्देशात. ज्यांनी खरोखर एकत्र काम केलंय त्यांनी क्रेडिट या लेखकांचा वाटा नोंदवण्याच्या पद्धतीतल्या १४ भूमिकांपैकी कोणाची कोणती ते सुरुवातीलाच लिहून सगळ्यांना मेल करावं.

साम्य-तपासणीबद्दल गैरसमज खूप. २०१८च्याच वाङ्मयचौर्यविषयक नियमांत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ धरलंय. त्यापुढे ४० पर्यंत, ६० पर्यंत आणि ६० च्या वर अशा पायऱ्या आहेत. संदर्भसूची आणि योग्य श्रेय दिलेली अवतरणं मोजणीतून वगळतात. पण इंग्रजी लेखातला परिच्छेद मराठीत उतरवून श्रेय न देणं हीही चोरीच, सॉफ्टवेअर पकडो वा न पकडो. वाचनाच्या बैठकीत 'हे वाक्य तुमचं वाटत नाही' असं मित्रानं सांगितलेलं बरं, संपादकानं सांगण्यापेक्षा. दुसऱ्याचा मसुदा त्याला न विचारता एआय साधनात टाकू नका. अजून न छापलेलं ते काम त्याचं आहे.

पेपर पाठवल्यावर गट संपला असं धरू नका. उत्तर यायला काही महिने लागतात आणि तोवर तोच लेख दुसरीकडे पाठवता येत नाही. परीक्षकांचे शेरे आले की पहिले दोन दिवस उत्तर लिहायचं नाही. मग गटात बसून तीन रकाने करा: शेरा जसाच्या तसा, आपलं उत्तर, बदल कुठल्या पानावर-ओळीवर. 'सूचनेप्रमाणे बदल केला' एवढंच लिहिलं की परीक्षक पुन्हा शोधत बसतो आणि वैतागतो. बदललेलं वाक्य उत्तरातच द्या. एखादा शेरा मान्य नसेल तर नाकारता येतो, पण कारण आणि आधार देऊन. 'मोठे फेरबदल' म्हणजे नकार नाही, हे नव्यांना कोणीतरी स्पष्ट सांगायला लागतं. असा मेल आल्यावर फाइल बंद करून टाकणारे पुष्कळ आहेत. बाराव्या आठवड्यात ज्यांच्याकडे असा मेल पडून असेल, त्यांचं काम आधी टेबलावर घ्या आणि उत्तर पाठवण्याची तारीख वहीत लिहून मगच उठा.