पावती गेली की आपणही गायब: देणगीदारांशी वागताना या चुका टाळा

गंगापूर रोडला राहणारे एक निवृत्त गणिताचे सर आमच्या वसतिगृहाला दरवर्षी अकरा हजार द्यायचे. चौथ्या वर्षी मी फोन केला, तर शांतपणे म्हणाले, "ताई, तुमचा फोन आला की मला कळतं, मार्च लागला." त्या वर्षी त्यांनी काही दिलं नाही. रागही आला नसावा त्यांना, आणि तेच मला जास्त लागलं.

सुरगाण्याकडच्या मुली आमच्याकडे राहतात, नाशिकच्या ऑफिसात देणग्यांचं काम मी बघते. खालच्या बहुतेक चुका आम्ही स्वतः केलेल्या आहेत.

फक्त मागायला आठवण होणं

आत्ता मोबाइल काढा, एखाद्या जुन्या देणगीदाराचं चॅट उघडा आणि वर सरकवत जा. आवाहन, पावती, दिवाळीचं तयार शुभेच्छापत्र, पुन्हा आवाहन. एवढंच दिसत असेल तर "लोक दुसऱ्यांदा का देत नाहीत" याचं उत्तर तिथेच आहे.

आम्ही आता दोन आवाहनांच्या मध्ये किमान तीन वेळा काहीही न मागता कळवतो. तेही "आपल्या अमूल्य सहकार्याने संस्थेची वाटचाल" असलं नाही. ती भाषा अहवालात ठेवा, तिथेही कोणी वाचत नाही. दिवाळीच्या सुट्टीनंतर आम्ही एकदा सरळ लिहिलं: दोन मुली परतल्या नाहीत, घरच्यांबरोबर निफाडकडे द्राक्षबागेच्या कामाला गेल्यात, आम्ही बागेवर जाऊन भेटणार आहोत. वाईट बातमी पाठवू नये असं आमच्या विश्वस्तांचं मत होतं. पण इतकी उत्तरं त्याआधी कुठल्याच मेसेजला आली नव्हती. "भेटलात का? काय म्हणाले घरचे?" असं विचारणारा माणूस नुसता देणगीदार राहिलेला नसतो.

तारीख पाहिली, तिथी नाही

आपल्याकडे कितीतरी देणग्या आईवडिलांच्या स्मरणार्थ येतात. पहिल्या वर्षी पावतीवर १४ ऑगस्ट होती, म्हणून पुढच्या वर्षी आम्ही १४ ऑगस्टच्या आधी आठवण केली. पलीकडून उत्तर आलं, "श्राद्ध मागच्या आठवड्यात झालं." ते तिथी पाळणारे. तिथी दरवर्षी इंग्रजी तारखेच्या मागेपुढे होते, हे आपल्याला सांगायला का लागावं! आता आमच्या एक्सेलमध्ये तारखेशेजारी तिथीचा रकाना आहे आणि चैत्रात नवं पंचांग आलं की मी बसून तारखा भरते. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्यावर सोपवत नाही. त्याच यादीत नावामागचं 'श्री.' अजून बरोबर आहे ना, हेही तपासा. गेलेल्या माणसाच्या नावाने घरी पत्र पोहोचलं तर नुसत्या माफीने भागत नाही.

सगळ्यांना ८०जीचं एकच गाणं

आपली पावती दिली म्हणजे ८०जीचं, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीचं, काम झालं, असं २०२१-२२ पासून राहिलं नाही. वर्ष संपल्यावर संस्थेने प्राप्तिकर खात्याकडे १०बीडी, म्हणजे देणग्यांचं विवरणपत्र, भरायचं आणि ३१ मेपर्यंत देणगीदाराला १०बीई, म्हणजे देणगीचं प्रमाणपत्र, पोहोचवायचं. ते मागण्यासाठी त्याला दोनदा फोन करावा लागला, तर वर्षभर जपलेली ओळख तिथे संपते. दोन हजारांच्या वर रोख दिली तर वजावट नाही, हे पैसे घेण्याआधी सांगा.

आणि समोर कोण आहे ते बघा. नवी करप्रणाली घेतलेल्या नोकरदाराला ८०जीची वजावट मिळतच नाही. दिंडोरीच्या बागायतदाराचं शेतीचं उत्पन्न करमुक्त, त्याला सवलतीचं काय कौतुक? उलट मार्चमध्ये त्याची द्राक्षं उतरत असतात, फोन उचलायलाही फुरसत नसते. माल जाऊन पैसे हातात आल्यावर बोला.

"मेसेज पाठवला होता की!"

व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्टवरचा मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोहोचतो. एका यादीत २५६ जणच बसतात, ते वेगळं. आम्ही वर्षभर अर्ध्या हवेशी बोलत होतो. उपाय सोपा आहे: पहिल्या देणगीनंतर आभाराचा फोन करा आणि त्याच फोनवर नंबर सेव्ह करून घ्या.

मुलींचे फोटो

रडवेला चेहरा, खाली क्यूआर कोड. हे बंदच करा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आम्ही वहीचं पान, चपलांची रांग, नाहीतर ताटात वाढलेली नागलीची भाकरी पाठवतो.

परदेशातला भाचा

भारतीय पासपोर्ट असलेल्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत दिलेले पैसे परदेशी देणगी ठरत नाहीत. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ठरतात, आणि एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय ते घेता येत नाहीत. खाते क्रमांक पाठवण्याआधी विचारा. पैसे परत करण्यापेक्षा हा प्रश्न कमी अवघड आहे.

त्या सरांना मी आता मार्चमध्ये फोन करत नाही. जुलैत करते. मागच्या वेळी एका मुलीने सोडवलेल्या प्रमेयाचा फोटो पाठवला होता, तर पाऊण तास बोलले. तिसऱ्या ओळीत कारण लिहायचं राहिलंय म्हणे. पैशांचा विषय त्यांनीही काढला नाही, मीही नाही.