कर्टसी कार घेताना आधी विचारा: ही गाडी काय करणार नाही?

इलेक्ट्रिक गाडी दुरुस्तीला गेली की बदल्यात मिळणारी कर्टसी कार कधीकधी अगदी आपल्याच गाडीसारखी असते. तेच मॉडेल, तोच स्क्रीन, तशाच सीट. पण तिचा पिकअप गॅरेजने कमी करून ठेवलेला असू शकतो, वरचा वेगही बांधलेला असू शकतो, आणि किल्ली देताना हे दर वेळी कोणी सांगेलच असं नाही. मी इंग्लंडमध्ये रेडिंगला राहते, कामासाठी जंक्शन ११ वरून एम ४ मोटरवेला लागते. माझ्या गाडीची मोटर दुरुस्तीला गेली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने कागदावर सही घेतली, चार्जिंगची केबल डिकीत आहे म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. पिकअपवर मर्यादा आहे का, हे मी थांबवून विचारलं. तेव्हा कुठे तो "हो, आहे" म्हणाला. म्हणून इथल्या आपल्या लोकांसाठी हे सविस्तर लिहितेय.

अशी मर्यादा घालण्यात काही गैर आहे असं मला वाटत नाही. इलेक्ट्रिक मोटर पेडल दाबताक्षणी पूर्ण जोर देते. आयुष्यभर पेट्रोल गाडी चालवलेल्या माणसाच्या हाती तशी गाडी द्यायची तर गॅरेजने काळजी घेतलीच पाहिजे. टायर लवकर झिजतात, आणि विम्याचाही प्रश्न असतो. माझा आग्रह एवढाच आहे, की मर्यादा आहे हे चालवणाऱ्याला गाडी आवारातून बाहेर पडायच्या आधी कळलं पाहिजे.

ते का, हे एका हिशोबात दिसतं. मोटरवेला जोडणाऱ्या स्लिप रोडवर तुम्ही ताशी ३० मैलांवर आहात आणि मोटरवेवर ७० ने शिरायचंय. तुमच्या नेहमीच्या गाडीला त्याला साडेचार सेकंद लागत असतील, तर तेवढ्यात ती सुमारे १०० मीटर पुढे जाते. पिकअप निम्मा केला की नऊ सेकंद आणि २०० मीटर. आपला पाय, आपली नजर, मागून येणाऱ्या लॉरीचा आपण मनात बांधलेला अंदाज, हे सगळं पहिल्या आकड्याला सरावलेलं असतं. एम ४च्या ३ ते १२ या जंक्शनांच्या पट्ट्यात तर हार्ड शोल्डरच, म्हणजे कडेची थांबायची पट्टीच नाही, सगळ्या लेन वाहत्या असतात. आत शिरताना जमलं नाही तर बाजूला सरकायला जागा नसते.

तेव्हा आवारातच, गाडी उभी असताना, पाच मिनिटं घ्या आणि स्क्रीन बघा. टेस्लाचं उदाहरण देते, कारण तिच्यातल्या या सोयी मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेल्या आहेत. चिल मोड चालू असेल तर पिकअप सौम्य होतो आणि वेगाच्या आकड्याच्या वर 'चिल' हा शब्द दिसतो. स्पीड लिमिट मोडमध्ये कमाल वेग ठरवून त्याला चार आकडी पिनने कुलूप लावतात. ही मर्यादा ताशी ५० मैलांच्या खाली आणता येत नाही, आणि तिच्या साधारण ३ मैल अलीकडे पोहोचलात की घंटी वाजते. व्हॅले मोड सगळ्यांत कडक. त्यात वेग ७० मैलांवर थांबतो, पिकअप आणि ताकद दोन्ही कमी होतात, पुढची डिकी आणि ग्लव्ह बॉक्स उघडत नाहीत, ऑटोपायलट, ब्लूटूथ आणि वाय-फाय बंद राहतात. दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्यांत नावं वेगळी असतील. ड्राइव्ह मोडच्या पानावर जाऊन 'इको'वरून 'नॉर्मल'वर बदलून बघा. बदलत नसेल किंवा पिन मागत असेल, तर ते कुलूप बहुधा गॅरेजने लावलेलं आहे. पिन शोधत बसू नका. तसं केलं तर करार मोडतो आणि अपघात झाल्यास विमा अडकू शकतो.

मग काउंटरवर परत जा आणि तीन गोष्टी विचारा: पिकअप कमी केलाय का, वरचा वेग किती ठेवलाय, आणि पेडल सोडल्यावर गाडी स्वतःहून किती थांबते. हा तिसरा प्रश्न सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. एका पेडलवर गाडी चालवायची सवय असेल आणि कर्टसी कारमध्ये रीजनरेटिव्ह ब्रेकिंग, म्हणजे पेडल सोडताच मोटरने गाडी हळू करणं, हलकं ठेवलेलं असेल, तर पहिल्याच राउंडअबाउटला गाडी अपेक्षेपेक्षा पुढे जाते. मिळालेली उत्तरं करारावर लिहून घ्या, नाहीतर तिथूनच त्यांना ईमेल टाका. वेग ६० वर बांधलेला असेल आणि तुम्हाला रोज मोटरवेने जायचं असेल, तर मर्यादा वाढवून मागा. कारण सांगितलं की बहुतेक ठिकाणी ऐकतात.

एक फरक मात्र नीट ओळखायला शिका. ताकद कमी झाली म्हणजे ती गॅरेजनेच केली असं नाही. बॅटरी अगदी संपत आली किंवा कुठे बिघाड झाला की इलेक्ट्रिक गाडी स्वतःच जोर कमी करते. निसान लीफमध्ये तेव्हा कासवाचं चिन्ह लागतं. जानेवारीत सकाळी बॅटरी गारठलेली असेल तर टेस्लाच्या स्क्रीनवर निळा हिमकण दिसतो आणि रीजनरेटिव्ह ब्रेकिंग कमी होतं. गाडी गरम झाली की ते आपोआप जातं. गॅरेजची मर्यादा पहिल्या मिनिटापासून असते आणि कायम सारखी राहते. जोर वाटेत अचानक गेला तर तो बिघाड समजा, पहिल्या एक्झिटला बाहेर पडा किंवा आणीबाणीच्या थांब्यात गाडी घ्या, आणि मग फोन करा.

निघाल्यावर थेट मोटरवेला लागू नका. आधी मोकळ्या ड्युअल कॅरेजवेवर, म्हणजे दुभाजक असलेल्या रस्त्यावर, मागे कोणी नसताना पेडल पूर्ण दाबून बघा, म्हणजे गाडी किती देते ते पायाला कळतं. गावाबाहेरच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर ओव्हरटेक विसराच. इंग्लंडमध्ये अशा रस्त्यावर जड लॉरीला ५० मैलांची मर्यादा आहे आणि आपल्याला ६० ची. अर्ध्या पिकअपच्या गाडीने तो फरक कापायला जेवढा मोकळा रस्ता लागतो, तेवढा बर्कशरच्या वळणांवर मिळत नाही.

हक्काचं विचाराल तर कर्टसी कार मिळालीच पाहिजे असा सरसकट कायदा नाही. पण बिघाड विक्रेत्याने दिलेल्या मालातला असेल, तर २०१५च्या कन्झ्युमर राइट्स ॲक्टप्रमाणे दुरुस्ती वाजवी वेळेत आणि ग्राहकाची मोठी गैरसोय न होता झाली पाहिजे. मिळालेल्या गाडीने तुमचं रोजचं काम होत नसेल तर हाच मुद्दा धरून बोला. विमा कंपनीकडून येणारी गाडी बहुधा छोटी पेट्रोल हॅचबॅक असते, तिथे हा पिकअपचा प्रश्न सहसा येत नाही.

बाकी कागदपत्रांचं थोडक्यात. डीव्हीएलएच्या, म्हणजे इथल्या लायसन्स खात्याच्या साइटवरून लायसन्सचा चेक कोड काढून ठेवा, तो २१ दिवस चालतो. नाशिकहून आलेले माझे सासरे आमच्या गाडीच्या विम्यात आहेत, आणि पाहुण्यांना भारतीय लायसन्सवर इथे १२ महिन्यांपर्यंत चालवता येतं. तरी कर्टसी कार त्यांच्या हाती देता आली नाही, कारण करारात फक्त माझं नाव होतं. घरातलं आणखी कोणी चालवणार असेल तर सही करण्याआधी विचारा. लंडनच्या कंजेशन चार्जचं ऑटो पे आणि डार्ट चार्जचं, म्हणजे डार्टफर्डला थेम्स ओलांडण्याच्या टोलचं खातं तुमच्या नंबर प्लेटला जोडलेलं असतं, त्यामुळे कर्टसी कारचे पैसे वेगळे भरावे लागतात. डार्टफर्डचे दुसऱ्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत. रात्रीच्या स्वस्त विजेचा टॅरिफ तुमची गाडी ओळखून चार्जिंग लावत असेल, तर या गाडीसाठी टायमर हाताने लावा.

वेग बांधलेला आहे म्हणून दंड होणार नाही असं समजू नका. वरची मर्यादा ५० असो की ७०, २० आणि ३० च्या झोनमध्ये तिचा काही उपयोग नाही. वेल्समध्ये तर सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर २० मैलच आहे. कॅमेऱ्याची नोटीस १४ दिवसांत जाते ती गाडी ज्याच्या नावाने नोंदलेली आहे त्याला. त्याने तुमचं नाव कळवल्यावर ती तुमच्याकडे येते, म्हणजे बरीच उशिरा. म्हणून गाडी परत देताना फोनची जोडणी आणि घराचा पत्ता पुसून टाका, चारही बाजूंचे आणि चार्जच्या आकड्याचे फोटो काढा, आणि करार काही महिने तरी फेकू नका.