पहिल्यांदा लिनक्स टाकताय? या चुका टाळा

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला आणि धडधाकट लॅपटॉप फक्त विंडोज 11 घेत नाहीत म्हणून भंगारात जायला लागले, मला ते बघवत नाही. 4 जीबी रॅमच्या मशीनवरसुद्धा लिनक्स मिंटची (विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा एक प्रकार) हलकी एक्सएफसीई एडिशन व्यवस्थित चालते, तेव्हा जरूर टाका. पण घाई करू नका. घरच्यांना, ओळखीच्यांना टाकून देताना मला एक गोष्ट कळलीये, की अडचण बऱ्याचदा लिनक्समध्ये नसतेच, आधी विंडोजमध्ये करायचं काम राहून गेलेलं असतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लिनक्स भरलेला पेन ड्राइव्ह लावला की लगेच इन्स्टॉल. अहो, पेन ड्राइव्हवरूनच दोन संध्याकाळ वापरून बघा ना, हार्ड डिस्कला हात न लावता वायफाय, आवाज, कॅमेरा, झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपतो का, परत उठतो का, सगळं तपासता येतं. वायफाय दिसलंच नाही तर मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग (मोबाईलचं नेट केबलने लॅपटॉपला देणं) चालू करा, नेट येईल, मग मिंटचं ड्रायव्हर मॅनेजर उघडा, वायफायसारख्या भागांना लागणारं सॉफ्टवेअर तिथून टाकता येतं.

इन्स्टॉलर "इरेज डिस्क" (अख्खी डिस्क पुसू का) विचारतो तिथे दोनदा वाचा. त्याने डी ड्राइव्हसुद्धा जातो, त्यातल्या लग्नाच्या फोटोंसकट. बॅकअप बाहेरच्या डिस्कवर हवा, त्याच डिस्कच्या दुसऱ्या पार्टिशनवर (भागावर) घेतलेला बॅकअप धरू नका.

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकणार असाल तर आधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का बघा, बऱ्याच नव्या लॅपटॉपवर तो आपोआप चालू असतो. सिक्युअर बूट (मशीन सुरू होताना फक्त मान्य सॉफ्टवेअर चालू देणारी सेटिंग) बंद केलं की पुढच्या वेळी विंडोज 48 आकडी रिकव्हरी की मागतं, ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

आता फास्ट स्टार्टअप. माझ्या काकांच्या लॅपटॉपवर मिंट टाकलं, दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "अरे, डी ड्राइव्ह उघडतोय पण फाईल सेव्हच होत नाही." झालं होतं असं की विंडोजमध्ये शटडाऊन दाबलं तरी ते पूर्ण बंद होत नाही, अर्धं झोपतं, आणि त्या अवस्थेतल्या पार्टिशनवर लिनक्स लिहायला जात नाही, नुसतं वाचू देतं. आणि ते बरोबरच आहे, लिहिलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून ड्राइव्ह जबरदस्तीने माउंट करायचे (लिनक्सला जोडायचे) नेटवरचे उपाय करू नका. कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे पॉवर बटणाची सेटिंग, आणि फास्ट स्टार्टअपची टिक काढा. तोवर शटडाऊनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये या, रीस्टार्टला ही भानगड नसते.

घड्याळाचं पण असंच. सकाळी दहाला विंडोज उघडलं आणि साडेचार दिसले तर मदरबोर्डचा सेल बदलायला धावू नका. लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी (जागतिक प्रमाण वेळ) ठेवतं, विंडोज तीच लोकल वेळ समजतं, म्हणून बरोबर साडेपाच तासांचा फरक पडतो. विंडोजच्या सेटिंगमध्ये वेळ सिंक केली की तात्पुरतं भागतं.

सॉफ्टवेअर साइटवरून शोधून उतरवायची सवय सोडा, सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची खिडकी) पासवर्ड टाकताना काहीच दिसत नसेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही, टाइप करून एंटर मारा. सुडोने (पूर्ण अधिकाराने कमांड चालवणारा शब्द) सुरू होणारी ओळ मात्र कळल्याशिवाय पेस्ट करू नका. आणि पहिल्याच दिवशी टाइमशिफ्ट या अ‍ॅपने सिस्टीमचा स्नॅपशॉट घ्या, अपडेटनंतर काही मोडलं तर त्याने मागे जाता येतं, पण त्यात तुमच्या फाईली धरलेल्या नसतात, त्यांचा बॅकअप वेगळा.

मराठीसाठी कीबोर्ड लेआउटमध्ये इन्स्क्रिप्ट (प्रमाण मराठी लेआउट) आणि कगप फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांच्या कळांवर टाइप करायचा) दोन्ही मिळतात. जुनी पत्रं उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसला तर फाईल खराब नाही, ती युनिकोडच्या (आजच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली आहे, विंडोजमधली तीच फॉन्टची फाईल आणून इन्स्टॉल करा. म्हणून विंडोज पुसायच्या आधी फॉन्ट फोल्डर कॉपी करायला विसरू नका.