पेपरातलं कोडं सुटलं की त्याची चारोळी करा

सकाळी पेपर आला की शब्दकोडं सोडवायचं आणि त्यातलेच चार शब्द ग्रुपवर टाकायचे, पण सगळ्यांचं सोडवून झाल्यावरच हां, नाहीतर ज्याचं बाकी असतं त्याचा विरस होतो. चारही शब्द एका जातीचे नकोत. एक तरी असा घ्या जो बाकीच्यांत बसतच नाही, खरी मजा त्यानेच येते. परवा आम्हाला मिळाले वारा, चादर, उधार, कडक. आता सोलापुरात चादर म्हटलं की सगळे लगेच हातमाग नाहीतर पॉवरलूमवर जातात, म्हणून ठरवलं की चादरीलाच बोलायला लावू.

चौघांनी एकेक ओळ लिहायची, पाच मिनिटांत. यमक दुसऱ्या आणि चौथ्या ओळीचं, त्यामुळे दुसरी ओळ लिहिणाऱ्यावर सगळा भार, त्याने शेवटी सोपा शब्द ठेवावा. "बाबा"ला ताबा आहे, ढाबा आहे. "सोलापूर" आलं तर दूर, सूर, धूर, कितीतरी! पण "चटणी"वर ओळ संपवलीत तर चौथा बिचारा अडकलाच.

आमची अशी झाली:

वारा आला खिडकीतनं
चादर म्हणे, "नको रे बाबा!"
उधार मागितली ऊब जराशी
कडक चहाने घेतला ताबा

शब्दाचं रूप बदललं, म्हणजे चादरीत, वाऱ्यावर, तरी चालवून घ्या. आणि संध्याकाळी पार्क चौकात भेटलात तर मोठ्याने वाचा, अडखळणारी ओळ तिथेच कळते, तिथेच दुरुस्त करा.